दंगा म्हणावे की बंड?

दिवाळीच्या तोंडावर मास्तरच्या घरात दोन गोष्टी बरोबरच येतात : एक भाजणीचा खमंग वास आणि दुसरी सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे. यंदाही तसेच झाले. आत सौभाग्यवती चकल्या पाडीत होत्या, ओसरीवर मी तांबडी शाई घेऊन बसलो होतो, आणि अंगणात आळीतली पोरे किल्ला करीत होती. किल्ला म्हटला की माती आली, माती आली की पाणी आले, आणि पाणी आले की तंटा आलाच. महाराजांचे सिंहासन कुठे मांडायचे यावरून बाचाबाची सुरू झाली, बाचाबाचीची धक्काबुक्की झाली, आणि एकाच्या सदऱ्याची बाही दुसऱ्याच्या हातात आली तेव्हा मला उठणे भाग पडले.

"काय दंगा चालवलाय रे?" मी ओरडलो.

त्यावर आठ वर्षांचे एक चिरंजीव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, दंगा तो करतोय. आम्ही किल्ला राखतोय!"

मी फाटक्या बाहीच्या पोराला दोन शब्द सुनावले, बाकीच्यांना गप्प बसवले आणि पुन्हा पेपरांकडे वळलो. पण त्या चिरंजीवांचे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण समोरच्या पेपरांतही नेमका तोच तंटा माझी वाट पाहत होता.

दरवर्षी इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न मी आपल्या सिन्नर तालुक्यावर घालतो. गोंदेश्वराच्या देवळावर मुले नेहमीच लिहितात. यंदा मी विचारले होते, 'नांदूर-शिंगोट्याचे भागोजी नाईक यांच्याविषयी पाच ओळी लिहा. गुण चार.' एकाने लिहिले होते, 'भागोजीने दंगा केला म्हणून त्याला शिक्षा झाली.' दुसऱ्याने लिहिले होते, 'भागोजी नाईकाने सरकारविरुद्ध बंड केले.' तिसरा मुलगा त्याच बाजूच्या एका वस्तीवरून शाळेत येतो. त्याने लिहिले होते, 'भागोजी नाईक इंग्रजांशी लढाई लढले आणि मिठसागऱ्याला पडले.' माणूस एक, गोष्ट एक, आणि शब्द तीन! चार गुण कोणाला द्यावेत?

वाचकहो, माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पण कादंबऱ्या लिहिण्याच्या खोडीमुळे शब्दकोश चाळण्याची सवय जडली आहे. भागोजीची हकीकत आपल्याकडे आली ती मुख्यतः साहेबाच्या कागदांतून. तेव्हा त्याच्यावर चिकटवलेले शब्द मुळात कुठले, हे पाहावे म्हणून मी कोश उघडला. आणि काय सांगावे, गोंधळ-गर्दी आणि मारामारी यांसाठी साहेबाजवळ शब्दांचे एक भले मोठे कोठारच आहे!

'मॉब' हा शब्द घ्या. तो लॅटिनमधल्या 'मोबिले वल्गुस' या दोन शब्दांचे शेपूट कापून सतराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. अर्थ काय, तर चंचल जनता, वारा येईल तिकडे हलणारी सामान्य माणसे. जोनाथन स्विफ्टला ही काटछाट मुळीच आवडली नव्हती. १७१० साली 'टॅटलर' या पत्रात त्याने असल्या तोडक्या शब्दांविरुद्ध तक्रार केली. तक्रार वाया गेली, शब्द राहिला. 'रायट' हा जुन्या फ्रेंच भाषेतला. मूळ अर्थ नुसता तंटा, भांडण. 'स्कफल' म्हणजे आपली झटापट, अंगणात झाली तशी. आणि 'डॉनीब्रूक' हा तर मोठाच गमतीचा शब्द. आयर्लंडात डब्लिनजवळ डॉनीब्रूक नावाच्या गावी मोठी जत्रा भरत असे. तिथे मारामाऱ्या इतक्या होत की १८५५ साली जत्राच बंद झाली. पण गावाचे नाव मारामारीला कायमचे चिकटले. एखाद्या गावाच्या नशिबी काय येईल सांगता येत नाही!

आपण मराठी माणसेही या बाबतीत गरीब नाही. बाचाबाची, धक्काबुक्की, गुद्दागुद्दी, हातघाई, झटापट, हुल्लड, धुडगूस, धुमश्चक्री : आपल्याकडे भांडणाची पायरी न् पायरी मोजलेली आहे. आपले काही शब्द दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे असतात, हे मात्र विशेष. 'दंगल' म्हटले की छातीत धस्स होते. पण जत्रेत 'कुस्त्यांची दंगल' म्हटले की तोच शब्द फेटा बांधून हलगीच्या तालावर येतो. 'गर्दी' हा आज बाजारातला साधा शब्द. पण पानिपतच्या रणकंदनाला आपल्या पूर्वजांनी 'भाऊगर्दी' म्हटले. आणि 'बंड'! ते सरकारच्या तोंडी शिवी असते, आणि कवीच्या मागे लागले की बिरुद होते.

साहेबाने या शब्दांचे पुढे कायदे केले. इंग्लंडात १७१५ सालच्या ऑगस्टपासून 'रायट ॲक्ट' सुरू झाला. बारा किंवा अधिक माणसे धुमाकूळ घालण्यासाठी जमली, तर मॅजिस्ट्रेटने तिथे जाऊन जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. तासाभरात जी माणसे हलणार नाहीत त्यांना देहान्ताची शिक्षा. तो कायदा आता उरलेला नाही. पण आईने पोरांना झापले की 'तिने रायट ॲक्ट वाचला' असे इंग्रज अजून म्हणतो. हिंदुस्थानात आल्यावर मात्र बाराचे पाच झाले. १८६० साली झालेल्या आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या इंडियन पीनल कोडाने ठरवले की पाच किंवा अधिक माणसे कायद्याने सांगितलेल्या एखाद्या वाईट उद्देशाने एकत्र जमली, तर तो बेकायदेशीर जमाव. त्यातल्या एकानेही त्या उद्देशापायी बळ वापरले की जमावातला प्रत्येक जण दंग्याचा गुन्हेगार. दोघेच भर रस्त्यात भांडून शांतता मोडू लागले, तर तो 'अफ्रे'. त्याला जास्तीत जास्त एक महिना. तो कोड जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण पाचाचा आकडा तसाच राहिला. दिवाळीत आमच्या ओसरीवर चकल्यांसाठी पाचांहून अधिक मंडळी समान उद्देशाने नेहमीच जमतात. पण चकली हा उद्देश कायद्याच्या यादीत नाही, हे आपले भाग्य!

थट्टा राहू द्या. कायद्याने माणसे मोजली, उद्देशही लिहून ठेवला. पण उद्देश काय होता हे ठरवणारा कोण? कागद ज्याच्या हाती तोच. आता भागोजीची गोष्ट ऐका, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल.

सिन्नरहून पुण्याच्या वाटेला लागले की डोंगरांच्या पायथ्याशी नांदूर-शिंगोटे लागते. भागोजी नाईक हा तिथला भिल्ल. तो काही उडाणटप्पू नव्हता; अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पोलिसांत तो अंमलदार होता. सरकारचाच माणूस! १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अटकाव या आरोपांखाली त्याला शिक्षा झाली. इथे पहिला शब्द चिकटला : दंगेखोर. तुरुंगातून सुटल्यावर वर्षभर नीट वागण्याबद्दल त्याच्याकडून जामीन घेतला गेला. ते वर्ष सरले न सरले तोच १८५७ उजाडले. उत्तरेकडे आगडोंब उसळला होता, आणि इकडे सरकारने लोकांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम सोडला. डोंगरातल्या भिल्लाचे हत्यार काढून घ्यायचे म्हणजे त्याचे पोट आणि त्याची पत दोन्ही काढून घ्यायची. भागोजीने गाव सोडले. पाहता पाहता पन्नासेक माणसे त्याच्याभोवती जमली, आणि गावापासून थोड्या अंतरावर, पुणे-नाशिक रस्ता नजरेखाली राहील अशा डोंगरावर तो जाऊन बसला.

४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिटेंडेंट लेफ्टनंट हेन्री शिपाई घेऊन नांदूर-शिंगोट्याला आला. आधी मामलेदारांमार्फत बोलणे झाले. भागोजीची मागणी काय होती? दोन वर्षांचा पगार आणि पुढे पोटापाण्याची सोय. ज्याला आपण दंगेखोर म्हणतो तो पगाराचा हिशेब मागत होता! बोलणे फिसकटले. हेन्री डोंगर चढू लागला, वरून गोळ्या सुटल्या, आणि हेन्री तिथेच पडला. त्या दिवसापासून भागोजीचे नाव नाशिक आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत गाजू लागले, आणि कागदोपत्री त्याचे शब्दही बदलले. दंगेखोराचा बंडखोर झाला, त्याच्या माणसांची 'गँग', म्हणजे टोळी झाली.

आता गंमत पाहा. हेन्रीच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉलने भागोजीचा पाठलाग करण्यासाठी याच डोंगरांतल्या कोळ्यांची एक फौज उभी केली. डोंगर तेच, पायवाटा त्याच, अंगावरची घोंगडी तीच. पण सरकारच्या हजेरीपटावर नाव चढले त्या कोळ्यांची 'कोर', म्हणजे पलटण झाली; आणि ज्यांचे नाव हजेरीपटावरून उतरले होते त्या भिल्लांची टोळी. दोन गरीब जमाती एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामधला फरक एका कारकुनाच्या लेखणीने ठरवला.

पाठलाग दोन वर्षे चालला. १८५९ च्या जुलैत संगमनेरच्या बाजूला झालेल्या चकमकीत भागोजीचा मुलगा यशवंत मारला गेला. दिवाळी होऊन पंधरवडाच उलटला असेल. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी फ्रँक सूटर या अधिकाऱ्याने भागोजीला सिन्नर तालुक्यातच, मिठसागऱ्याजवळ गाठले. तिथे भागोजी आपल्या साथीदारांसह लढता लढता पडला. सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला, 'सर' झाला. १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापून निघाले, त्यात ही सारी हकीकत आली. ती लिहिणारे हात सरकारचे होते. मिठसागऱ्याच्या रानात पडलेल्यांपैकी कोणी एक ओळही लिहून ठेवली नाही.

भागोजी देवमाणूस होता असे मी म्हणत नाही. दोन वर्षे रानात काढणारी माणसे वारा खाऊन जगत नाहीत. त्यांनी गावे लुटली, आणि लुटीच्या रात्री ज्याच्या दारावर थाप पडली त्याला तो लढवय्या वाटला नसेल. ते दुःखही खरेच. पण लूट ही काय एकट्या भिल्लांची मिरास होती? 'लूट' हा शब्द इंग्रजाने आपल्याकडूनच उचलला, आणि तो इंग्रजी कोशात जाऊन बसला. 'डाका' नेला, 'ठग' नेला. पीनल कोडात डाका आणि ठग हे दोन्ही देशी शब्द मानाने बसवले. नव्या संहितेत डाका राहिला, ठग मात्र गळाला. कुणाच्या घरून काय न्यावे याची निवडही बोलकी असते. आपल्या भाषेतून त्यांनी गुन्ह्याचे शब्द वेचून नेले. ज्या शब्दांत माणूस आपले गाऱ्हाणे सांगतो ते शब्द इथेच राहिले.

हे एकट्या भागोजीपुरते असते तर मी गप्प बसलो असतो. पण भागोजी पडल्यानंतर सोळा वर्षांनी पुणे आणि नगर या जिल्ह्यांत जे घडले, त्यालाही साहेबाने हाच शब्द लावला : 'डेक्कन रायट्स', दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. पाहता पाहता हे लोण गावोगाव पसरले. पण हा जमाव मागत काय होता? कर्जरोखे! खते, गहाणखते, हुकूमनामे. ते हाती आले की चौकात जाळायचे. माणसांवर हात फारसा पडला नाही. रोखे मुकाट्याने दिले तिथे बहुधा पडलाच नाही. एवढ्या मोठ्या संतापाने एवढा नेमका हिशेब ठेवावा, याचे चौकशी करणाऱ्या कमिशनलाही नवल वाटले असावे. सुमारे ९५१ माणसांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. आणि मग १८७९ साली सरकारनेच शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला! ज्याला दंगा म्हटले त्याचे गाऱ्हाणे चार वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले. नाव मात्र दंगा हेच राहिले. आम्ही अजून शाळेत तेच शिकवतो.

त्याआधी, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने तर हातही न उगारता सावकारांना जेरीस आणले होते. त्यांच्या शेतात कोणी राबायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, कोणी त्यांचे पाणी भरायचे नाही. गावाने त्यांना वाळीत टाकले. याला इंग्रजीत आज 'बॉयकॉट' म्हणतात. पण तो शब्द जन्मला १८८० साली, आयर्लंडात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला त्याच्या कुळांनी असेच एकटे पाडले तेव्हा. म्हणजे शब्द जन्माला येण्यापूर्वी सहा वर्षे आमच्या शिरूरकडच्या माणसांनी ती गोष्ट करून दाखवली होती! शब्द आयर्लंडचा झाला, आणि करड्याच्या वाट्याला 'दंग्याची पूर्वतयारी' एवढीच नोंद आली.

इथवर साहेबाला बोल लावणे सोपे गेले. आता स्वतःची पाटी पुसतो.

काही वर्षांपूर्वी मी एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली. तिच्यात एके ठिकाणी 'भिल्लांची टोळी रानातून बाहेर पडली' असे वाक्य आहे, आणि चार पानांनंतर 'मावळ्यांची तुकडी खिंडीतून बाहेर पडली' असे आहे. लिहिताना मला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. पुस्तक निघाल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. पागोटे, हातात काठी, बोलणे अगदी मृदू. पुस्तक त्यांच्या नातवाने त्यांना वाचून दाखवले होते. चहा झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, पुस्तक झ्याक हाये तुमचं. येकच इचारतो. मावळ्यांची तुकडी आन् आमची टोळी, ह्ये कसं काय?"

मला उत्तर सुचले नाही. मी काहीतरी ऐतिहासिक कागदपत्रांचे नाव पुढे केले. म्हातारा हसला, राम राम करून गेला. साहेबाच्या कागदावरून शब्द उतरवताना साहेबाची नजरही माझ्या डोळ्यांत उतरली होती, आणि ती मला दाखवायला अक्षरशत्रू माणूस यावा लागला. ज्या मावळ्यांची मी कौतुकाने तुकडी केली, त्यांच्या राजाला सुरतेच्या वखारीतला इंग्रज आपल्या पत्रांत 'रिबेल' म्हणत होता, हे मला ठाऊक होते. तो शब्द आपण कधी स्वीकारला नाही, कारण महाराज आपले. भागोजीला चिकटलेला शब्द मात्र आपण न तपासता घेतला. आपला आणि परका यांच्यामधली ही रेघ कोणी मारली, हे विचारायचे राहूनच गेले.

म्हणून यंदा मी पेपर जरा वेगळ्या रीतीने तपासले. ज्याने 'दंगा' लिहिले त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. १८५५ च्या निकालात तोच शब्द होता. पण त्याच्या कडेला मी तांबड्या शाईने लिहिले, 'असे कोणी म्हटले?' 'बंड' लिहिणाऱ्याच्या कडेला लिहिले, 'कशासाठी?' दोघांनाही तीन-तीन गुण दिले. तिसऱ्याने पगाराचा उल्लेख केला नव्हता, सालही घातले नव्हते. पण मिठसागऱ्याचे नाव त्याने माझ्या शिकवण्यातून नव्हे, घरून आणले होते. त्याच्या कडेला मी लिहिले, 'हे तुला कोणी सांगितले? त्यांच्याकडून आणखी विचारून ये.' आणि चार गुण दिले. मुख्याध्यापकांनी विचारले तर उत्तर तयार ठेवले आहे.

एवढे लिहून होते तोच फाटकाशी पावले वाजली. फाटक्या बाहीच्या पोराची आई त्याला पुढे घालून आली होती.

"गुरुजी, नवा सदरा होता दिवाळीचा. माझ्याच पोरानं दंगा केला म्हणतात सगळे. खरं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. सकाळी मी त्याला दोन शब्द सुनावले होते, पण एक शब्दही विचारला नव्हता. मी त्याला जवळ घेतले. "काय झालं होतं रे?"

पोराने नाक ओढले. "माती सगळी मीच आणली, गुरुजी. तीन घमेली. आणि मला एक मावळासुद्धा ठेवू देईनात."

आतून चकल्यांचे ताट आले. मी पोरांना हाक मारली, आणि सर्वांत आधी किल्ल्याकडे गेलो.